देवन् आणि दियेवस : एका शब्दयादीची तपासणी

गेल्या उन्हाळ्यात एका शिक्षक-शिबिरात विज्ञानाच्या पद्धतीविषयी बोलून मी चहासाठी बाहेर आलो, तेव्हा एका माध्यमिक शाळेतल्या बाईंनी माझ्या हातात चार पानांचे एक पत्रक ठेवले. कोणीतरी ते त्यांना पाठवले होते. लेखकाचे नाव नव्हते. विषय होता मलयाळम आणि लिथुआनियन या दोन भाषांची तुलना. त्यात अठरा शब्दजोड्या आणि व्याकरणातील तीन साम्ये दिली होती. शेवटी निष्कर्ष असा होता, की केरळ आणि बाल्टिक समुद्राचा किनारा यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर असूनही या दोन्ही भाषा एकाच आईच्या लेकी आहेत आणि ती आई म्हणजे संस्कृत.

बाईंना हे पत्रक विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकात लावायचे होते. त्यांच्या शाळेच्या परिसरात कारखाने आहेत आणि वर्गात चार-पाच मलयाळी मुले आहेत. त्या मुलांना आपल्या भाषेविषयी काही अभिमानाचे वाचायला मिळेल, हा त्यांचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण पत्रक वाचून नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरी दाताला दन्तम् कोणी म्हणत नाही. पल्ल् म्हणतात." बाई थबकल्या. त्यांनी मला विचारले, "सर, हे लावू की नको?"

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. माझे काम जीवाणूंच्या जनुकांचे आहे. पण 'साम्य दिसले म्हणजे नाते सिद्ध झाले काय?' हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत रोज असतो. म्हणून मी ते पत्रक घरी आणले आणि एखादा शोधनिबंध तपासायला यावा तसे तपासले.

आधी पत्रकाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणतो. लिथुआनियन आणि संस्कृत यांच्यातले साम्य खरे आहे आणि प्रथम ऐकणाऱ्याला ते चकित करतेच. मुलगा म्हणजे 'सूनुस', संस्कृत सूनुः. मेंढी 'अविस', संस्कृत अविः. केव्हा आणि तेव्हा यांना 'कदा' आणि 'तदा' असेच शब्द लिथुआनियात आजही रोजच्या बोलण्यात आहेत. प्रभू या अर्थाचा 'वियेश्पत्स' हा शब्द वेदातल्या विश्पतीचा भाऊ आहे. नामाच्या सात विभक्ती त्या भाषेत अजून जिवंत आहेत. जेमतेम तीस लाख लोकांची ही भाषा. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी लाटव्हियन ही एकच भाषा आज उरली आहे. जुनी प्रशियन ही तिसरी बहीण अठराव्या शतकाच्या आरंभी संपली. ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने १८५२ साली प्रशियातल्या लिथुआनियन शेतकऱ्यांमध्ये राहून ही भाषा टिपून घेतली आणि १८५६ साली तिचे व्याकरण छापले, तेव्हापासून युरोपातल्या अभ्यासकांना तिचे मोठे आकर्षण आहे.

योगायोग असा, की त्याच १८५६ साली लंडनमध्ये रॉबर्ट काल्डवेल यांचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध झाले. तमिळ, मलयाळम, तेलुगू, कन्नड, तुळू या भाषांचे घराणे संस्कृतपासून वेगळे आहे, हे त्या ग्रंथाने सविस्तर दाखवले. त्याच्याही चाळीस वर्षे आधी, १८१६ साली, मद्रासच्या फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनी एका तेलुगू व्याकरणाच्या प्रस्तावनेत हाच मुद्दा पुराव्यासह मांडला होता. म्हणजे पत्रकाचा निष्कर्ष दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच खोडला गेलेला आहे. पण 'तज्ज्ञांनी असे सांगितले आहे' एवढ्यावर आपण थांबलो, तर पत्रकात आणि आपल्यात फरक काय राहिला? म्हणून त्याच अठरा जोड्या घेऊन पाहू.

अठरांपैकी चौदा जोड्या एकाच जातीच्या आहेत. मलयाळम देवन्, लिथुआनियन दियेवस. दन्तम् आणि दांतिस. अग्नि आणि उग्निस. धूमम् आणि दूमस. मधु आणि मेदुस. स्वप्नम् आणि साप्नस. वीरन् आणि वीरस. शतम् आणि शिम्तस. रथम् आणि रातस, म्हणजे चाक. यादी वाचताना मान डोलते. पण त्या मुलीने केले तेच आपण करू आणि केरळच्या घरात रोज काय बोलतात ते पाहू. दात म्हणजे पल्ल्. आग म्हणजे ती. धूर म्हणजे पुक. मध म्हणजे तेन्. स्वप्न म्हणजे किनाव्. मुलगा म्हणजे मकन्. शंभर म्हणजे नूऱ्. यातला एकही शब्द लिथुआनियनशी जुळत नाही. जुळतात ते फक्त संस्कृतातून मलयाळममध्ये आलेले शब्द, म्हणजे आपण ज्यांना तत्सम म्हणतो ते.

या जागी मराठी शिक्षकाकडे एक हत्यार आहे. ते पत्रकाच्या लेखकाने वापरले असते, तर पत्रक लिहिलेच गेले नसते. आपण पाचवी-सहावीपासून तत्सम आणि तद्भव शिकवतो. मराठीत 'दात' आहे आणि 'दंत'ही आहे. 'आग' आहे आणि 'अग्नी'ही. 'दात' हा वारशाने आलेला शब्द आहे. दोन-अडीच हजार वर्षे तो प्राकृतातून, तोंडातोंडातून झिजत आला. 'दंत' हा पोथीतून उचललेला शब्द आहे, म्हणून तो कोरा करकरीत आहे. आता मलयाळममधला दन्तम् पाहा. त्याला फक्त मलयाळम पद्धतीचे शेपूट लागले आहे, बाकी झीज कुठेच नाही. संस्कृतपासून हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या भाषेत शब्द इतका ताजा राहीलच कसा? साम्य जितके निखळ, तितका उसनवारीचा संशय अधिक, हा सर्वसाधारण नियम धरून चालायला हरकत नाही. मलयाळममध्ये या शब्दांना झिजलेली, घरगुती, तद्भव अशी पूर्ण जोड असती आणि रोजचे शब्द तेच असते, तर गोष्ट वेगळी होती. लिथुआनियन 'दांतिस'ची खरी चुलत बहीण शोधायची असेल, तर ती आपली 'दात' आहे. सात–सेप्तीनी, तीन–त्रीस, मध–मेदुस अशी यादी त्या लेखकाने मराठीची केली असती, तर ती बरोबर ठरली असती. ते मात्र त्यांना सुचले नाही.

शिवाय केरळच्या जुन्या पंडितांना आपल्या भाषेत संस्कृत शब्द कसे आले हे पक्के ठाऊक होते. भाषा आणि संस्कृत यांच्या मिश्रणाने लिहिलेल्या साहित्याला त्यांनी 'मणिप्रवाळ' असे नाव दिले. माणिक आणि पोवळे एका सरात ओवावे तसे. चौदाव्या शतकातल्या 'लीलातिलकम्' या ग्रंथात त्याची शास्त्रशुद्ध चर्चा आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या पंडिताने वेगळे काढून दाखवलेले मणी आजच्या पत्रकाने पुन्हा एकाच ढिगात टाकले.

आमच्या क्षेत्रात याला जोडीचे एक उदाहरण आहे. जीवाणू आपली जनुके पिलांना देतात हे खरेच, पण शेजारच्या परक्या जातीच्या जीवाणूलाही ते काही जनुके देऊन टाकतात. औषधाला दाद न देण्याचा गुण असाच पसरतो. हे जनुक दोन जीवाणूंत जवळजवळ अक्षरशः सारखे सापडले म्हणून त्यांना भाऊ ठरवणारा विद्यार्थी परीक्षेत नापास होईल. वंशवृक्ष काढायचा तर सहसा उसने न दिले-घेतले जाणारे जनुक निवडावे लागते. कार्ल वोस यांनी १९७७ साली रायबोसोमच्या आरएनएवरून असा वृक्ष काढला आणि जीवसृष्टीची एक संपूर्ण नवी शाखा सापडली. भाषेत या रायबोसोमची जागा घेतात ते अंक, सर्वनामे, शरीराचे अवयव, जवळची नाती, साधी क्रियापदे. तेही कधी उसने घेतले जातात. मलयाळममध्ये रात्रीला सर्रास रात्रि म्हणतात आणि चेहऱ्याला मुखम्. पण सगळेच्या सगळे उसने घेतलेले क्वचितच आढळतात. देव, अग्नी, रथ, वीर हे मात्र धर्माबरोबर आणि काव्याबरोबर प्रवास करणारे शब्द आहेत. पत्रकाची यादी नेमकी याच शब्दांनी भरलेली आहे.

पत्रकातली एक गोष्ट मला अधिक खटकली. लिथुआनियन शब्द देवनागरीत लिहिताना लेखकाने 'अग्निस' आणि 'धूमस' असे लिहिले होते. मूळ शब्द 'उग्निस' आहे, सुरुवात उ ने. आणि लिथुआनियन भाषेत ध, भ, घ हे महाप्राण उच्चार नाहीतच, म्हणून तो 'दूमस'. हातचलाखी म्हणा किंवा अनवधान म्हणा, निरीक्षण अपेक्षेकडे थोडे सरकवले गेले. प्रयोगवहीत ९·६ आले असता ९·८ लिहिणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिला आहे. इथे त्याचे नुकसान दुप्पट आहे, कारण पुसून टाकलेला हा फरकच खरा पुरावा आहे.

तो कसा, हे पाहू. भाषाशास्त्रात नाते सिद्ध होते ते शब्द सारखे दिसण्याने नव्हे, तर फरक नियमाने पडण्याने. सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या भागातल्या शिक्षकांना कन्नड कानावरून ठाऊक असते. त्यांनी या जोड्या पाहाव्यात. मलयाळम पाल्, कन्नड हालु, म्हणजे दूध. पल्ल्–हल्लु, दात. पुलि–हुलि, वाघ. पू–हू, फूल. पुक–होगे, धूर. पत्त्–हत्तु, दहा. मलयाळममध्ये आरंभी जिथे प आहे, तिथे कन्नडमध्ये ह. हा नियम आहे, म्हणून तो तपासता येतो, आणि तपासलाही गेला आहे. जुन्या कन्नड शिलालेखांत या शब्दांच्या आरंभी प च कोरलेला सापडतो.

लिथुआनियन आणि संस्कृत यांच्यात असेच नियम आहेत. संस्कृत श तिथे लिथुआनियन श: शतम्–शिम्तस, दश–देशिम्त. आणि संस्कृतात जिथे ह आहे, तिथे अनेकदा लिथुआनियनमध्ये इंग्रजी 'मेझर' शब्दातल्यासारखा झ: हंस–झांसिस, हिम–झियेमा म्हणजे हिवाळा, वहति–वेझा म्हणजे वाहून नेतो. हंस आणि झांसिस कानाला काही फारसे सारखे लागत नाहीत. पण पुराव्याच्या तराजूत त्यांचे वजन देवन्–दियेवस या जोडीपेक्षा अधिक आहे. याचे टोकाचे उदाहरण आर्मेनियन भाषेत आहे. तिथे दोन या अंकाला 'एर्कु' म्हणतात. तो संस्कृत द्वौ चा सख्खा नातेवाईक आहे, कारण मूळच्या आरंभीच्या द्व् चे आर्मेनियनमध्ये इतर शब्दांतही एर्क् असेच रूप होते.

उलट, दिसायला हुबेहूब पण परके, असेही शब्द असतात. लिथुआनियनमध्ये 'नामस' म्हणजे घर. आपल्याला लगेच नमस् आठवते. त्याच्याशी या शब्दाचा काडीचा संबंध नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो मूळचा 'दामस', पुढच्या म मुळे द चा न झालेला. म्हणजे वेदात घराला जो 'दम' शब्द आहे आणि जो आपल्या 'दंपती'त लपून बसला आहे, त्याचा हा भाऊ. गंमत अशी की नऊ या अंकात उलटे घडले. नव या मूळ अंकाचे तिथे 'देव्हीनी' झाले, न चा द. एका घरात द जाऊन न आला, दुसऱ्यात न जाऊन द.

यातूनच पत्रकाचा दुसरा दावाही तपासता येतो. लिथुआनियन तरी संस्कृतची लेक आहे काय? मध या शब्दात संस्कृतात अ आहे, लिथुआनियनमध्ये ए: मेदुस. सात या अंकात सप्त, पण लिथुआनियन सेप्तीनी, लॅटिन सेप्टेम, ग्रीक हेप्टा. चार आणि पाच यांत संस्कृतात च आहे, लिथुआनियनमध्ये 'केतुरी' आणि 'पेंकी', म्हणजे क. हा ए आणि हा क जुने आहेत आणि संस्कृतात ते पुढे अ आणि च झाले, हे गेल्या दीडशे वर्षांत पक्के झाले आहे. लेकीजवळ आईपेक्षा जुनी वस्तू असेल, तर ती आईची लेक नाही, बहीण आहे. दोघींची आई तिसरीच आहे. ती कोणी लिहून ठेवली नाही, पण तिचे बरेचसे रूप गणिताने काढावे तसे काढता आले आहे.

'गणिताने' हा शब्द मी सहज वापरला नाही. १८७९ साली फेर्दिनां द सोस्यूर या एकवीस वर्षांच्या तरुणाने केवळ नियमांच्या जुळणीवरून असे भाकीत केले, की त्या आदिम भाषेत काही ध्वनी होते आणि ते सर्व ज्ञात भाषांतून नाहीसे झाले आहेत. पुढे तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या विटांचे वाचन १९१५ साली झाले, आणि १९२७ साली कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवले, की सोस्यूरने सांगितलेल्या जागी हित्तीमध्ये ह सारखा एक ध्वनी खरोखरच लिहिलेला आहे. नेपच्यून ग्रहाची गोष्ट आपण वर्गात सांगतो. तिच्या शेजारी ही गोष्ट बेलाशक सांगावी. 'संस्कृत आणि लिथुआनियन एकाच घराण्याच्या' या विधानामागे असली कसोटी उभी आहे. 'मलयाळम आणि लिथुआनियन एकाच घराण्याच्या' या विधानामागे काय उभे आहे?

उरलेल्या चार जोड्या. एक आहे अम्मा आणि मामा, दोन्ही अर्थ आई. जगभरची बाळे ओठ मिटून-उघडून पहिले आवाज काढतात आणि आया ते आपल्यालाच उद्देशून आहेत असे समजतात, म्हणून असे शब्द पुराव्यात धरत नाहीत. आणखी दोन आहेत अवन् (तो) आणि आनस (तो पलीकडचा), नम्मळ् (आपण) आणि मेस (आम्ही). हे शुद्ध योगायोग आहेत.

'योगायोग इतके कसे?' असे बाईंनीही विचारले. हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या अर्थाचे दोन परक्या भाषांतले शब्द ढोबळपणे सारखे वाटण्याची शक्यता दहात एक आहे. हे गृहीतक आहे, कोणी मोजलेले नाही. शंभर अर्थ तपासले, तर दहा जोड्या आपोआप मिळतील. आता अर्थातही सूट द्या. 'घर'ला घर नाही जुळले तर अंगण, भिंत, दार, गाव यांपैकी काहीही चालेल म्हणा. म्हणजे प्रत्येक शब्दाला पाच संधी. पाचही हुकण्याची शक्यता ०·९ चा पाचवा घात, सुमारे ०·५९. म्हणून शंभरात एक्केचाळीस शब्द 'जुळतील'. शब्दकोश हाताशी आणि पुरेशी चिकाटी असेल, तर जगातल्या कोणत्याही दोन भाषांची अठरा जोड्यांची यादी एका रविवारी तयार होते. इंग्रजीत वाईट म्हणजे बॅड आणि फारसीतही बद. दोन्ही एकाच मोठ्या घराण्यातल्या भाषा असूनही या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम या आदिवासी भाषेत कुत्र्याला डॉग म्हणत, तेही इंग्रजांकडून न घेता. खरा प्रश्न जुळलेल्या किती हा नसून, न जुळलेल्या किती टाकून दिल्या हा आहे. पत्रकात तो आकडा नाही.

व्याकरणाच्या साम्यांपैकी दोन फार सामान्य आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. तिसरे आहे 'दोन्ही भाषांत सात विभक्ती'. आकडा खरा आहे. ए. आर. राजराज वर्मा यांच्या 'केरळपाणिनीयम्' (१८९६) या व्याकरणात मलयाळमच्या सात विभक्ती सांगितल्या आहेत. पण लिथुआनियनच्या सातांत संबोधन मोजलेले आहे. मलयाळमच्या सातांत ते वेगळे मोजलेले नाही, त्याऐवजी '–शी, –सोबत' अशा अर्थाची ओडु प्रत्ययाची विभक्ती आहे. दोन पेट्यांत सात-सात वस्तू आहेत एवढेच हे साम्य. वस्तूंची घडण पाहिली तर ती वेगळीच आहे. मलयाळममध्ये झाड म्हणजे मरम्, झाडे म्हणजे मरङ्ङळ्, आणि झाडांना म्हणायचे तर त्याच मरङ्ङळ् ला पुढे क्कु जोडायचा. अनेकवचनाचा तुकडा वेगळा, विभक्तीचा वेगळा, आगगाडीचे डबे जोडावेत तसे. लिथुआनियनमध्ये लांडग्याला म्हणजे विल्कुइ आणि लांडग्यांना म्हणजे विल्काम्स. यात वचन कुठे संपते आणि विभक्ती कुठे सुरू होते ते सांगा पाहू. क्रियापदात तर दोघी विरुद्ध टोकांना आहेत. मी, तू, तो, आम्ही, कोणीही जावो, मलयाळम म्हणते 'पोकुन्नु'. लिथुआनियनमध्ये एइनु, एइनि, एइना, एइनामे, एइनाते अशी कर्त्यागणिक रूपे बदलतात.

मलयाळममध्ये एक वैशिष्ट्य असे आहे, की ते पाहून मराठी माणसाने चमकावे. तिथे ऐकणाऱ्याला धरून 'आम्ही' म्हणायचे तर नम्मळ् आणि त्याला वगळून म्हणायचे तर ञङ्ङळ्. आपले आपण आणि आम्ही. लिथुआनियनमध्ये हा भेद नाही, संस्कृतातही नाही. तो द्राविडी भाषांच्या शेजाराने मराठीत रुजला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वंशाने लिथुआनियनची बहीण असलेली मराठी, सवयींनी मात्र मलयाळमच्या अंगणात वाढलेली. एम. बी. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक 'भाषाक्षेत्र' आहे असे जे मांडले, ते अशाच पुराव्यांवर. एका आईची लेकरे असणे आणि एका आळीत वाढणे, ही दोन्ही नाती खरी आहेत. पण पत्रकाने दुसऱ्याला पहिले म्हटले आणि तेही चुकीच्या जोडीबाबत.

राहता राहिला 'अतिप्राचीन' हा शब्द. पत्रकात तो अकरा वेळा आला आहे, मी मोजला. लिथुआनियनमधले पहिले छापील पुस्तक मार्टिनास माझ्व्हिदास यांची प्रश्नोत्तरी, १५४७ साली क्योनिग्सबर्गला छापलेली. मलयाळममधले पहिले पूर्ण छापील पुस्तक 'संक्षेपवेदार्थम्', हेही ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी, १७७२ साली रोममध्ये छापलेले. लिखित पुराव्यात मात्र मलयाळम पुढे आहे. नवव्या शतकातला वाळप्पळ्ळीचा ताम्रपट तिचा जुना नमुना मानतात. मग यातली जुनी भाषा कोणती? प्रश्नच चुकीचा आहे. आज बोलली जाणारी प्रत्येक भाषा कोणाच्या तरी तोंडून कोणाच्या तरी कानात न खंडता आलेली आहे. काही भाषांनी काही जुने जास्त जपले, एवढेच म्हणता येते, आणि तेही भागागणिक. लिथुआनियनने विभक्ती जपल्या, पण नामांचे नपुंसकलिंग टाकून दिले. आपल्या मराठीने विभक्ती झिजवल्या आणि तिन्ही लिंगे ठेवली. मलयाळमला २०१३ साली आणि मराठीला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही आहे. पण तो दर्जा साहित्याच्या जुन्या पुराव्याला आहे. त्यावरून आपल्या जिभेचे वय दुसऱ्याच्या जिभेपेक्षा मोठे ठरत नाही.

पत्रकाच्या लेखकाकडून दोन शब्द मात्र निसटले. केरळ आणि लिथुआनिया यांना खरोखर जोडणारे तेच होते. लिथुआनियन भाषेत आंब्याला 'मांगस' म्हणतात. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरून मलयाळम वा तमिळमधला माङ्ङा-माङ्काय् हा शब्द उचलला, आणि तो युरोपभर हिंडत बाल्टिकच्या बाजारात पोचला. आणि आल्याला ते लोक म्हणतात 'इम्बियेरस'. याचा प्रवास त्याहून लांबचा. मलयाळममध्ये आले म्हणजे इञ्चि आणि मूळ म्हणजे वेर्. या द्राविडी जोडशब्दाच्या जुन्या रूपावरून पालीत सिंगिवेर झाले, संस्कृत पंडितांनी त्यात शिंग पाहून शृंगवेर केले, ग्रीकांनी झिंगिबेरिस, मग लॅटिन, जर्मन, पोलिश करत शब्द लिथुआनियन स्वयंपाकघरात शिरला. मिरी-सुंठेच्या व्यापाराने नेलेला हा शब्द. यात आई-लेकीचे नाते नाही, पण केवढा इतिहास आहे! भित्तिपत्रकात लावायचे तर हे लावावे, असे मी बाईंना कळवले.

शेवटची, अठरावी जोडी मी मुद्दाम मागे ठेवली होती. आठ: मलयाळम एट्टु, लिथुआनियन अश्तुओनी. हा अंक आहे, रायबोसोमच्या जातीचा, आणि एट्टु हा आपल्या आठशी आणि इंग्रजी एटशीही जुळतो. बाईंनी पत्राने हाच प्रश्न विचारला. मी त्यांना उत्तर दिले नाही. त्या मुलीला घरी जाऊन ऐंशी आणि आठशे कसे म्हणतात ते विचारून यायला सांगा, आणि वर्गात कोणी कन्नड मूल असेल तर त्याला आठ विचारा, एवढेच लिहिले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यावर मुलीच्या अक्षरात तीन शब्द होते: एण्पत्, एण्णूऱ्, आणि कन्नड एंटु. तिघांतही ण् किंवा अनुस्वार. म्हणजे मूळ अंक 'एण्' आहे, एट्टु मधला ट्ट हा मागाहून जोडल्याने झालेला. अष्ट मध्ये न, ण काही नाही. खाली तिने विचारले होते, की अंचु म्हणजे पाच, हा पंच मधून आला असेल की त्यालाही असेच पन्नास आणि पाचशे विचारून पाहू?